नऊच्या आत

ग्लासात आधी पाणी घालायचं की आधी व्हिस्की, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ठाऊक नव्हतं. आलमल्याच्या वाटेवर आमच्या एका मित्राचं शेत आहे. विहिरीच्या कडेला सतरंजी अंथरलेली, मधे वर्तमानपत्रावर काचेचे पाच ग्लास, बाजूला कडब्याची कोपी. येळवस होऊन आठ दिवस झाले होते. कोपी अजून तशीच उभी होती; आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव आणि वाळून गेलेला झेंडू. मी रिकामा ग्लास हातात धरून बसलो होतो आणि बाकीचे चौघे माझ्याकडे बघत होते.

“काय बघलालास गा? ईख न्हाई ते,” शेताचा मालक म्हणाला.

आमच्या घरात दारू हा शब्द कुणाचा संसार बुडाला हे सांगतानाच यायचा. वडील माळकरी. औशाच्या नाथ मंदिरात चक्रीभजन असलं की ते दुकानाची फळी लवकर लावत आणि मला बोटाला धरून नेत. टाळ वाजवत गोल फिरणारी माणसं बघत मी तिथेच झोपून जायचो. मी माळ कधी घातली नाही, पण माळेचा धाक मात्र सांभाळला. गल्लीत दोन घरं अशी होती की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रात्री भांडी फेकल्याचे आवाज यायचे. त्यातल्या एका घरातली मुलगी माझ्या वर्गात होती. सकाळी ती शाळेत आली की आम्ही कुणी तिच्या तोंडाकडे बघत नसू. त्यामुळे दारूची भीती मला कीर्तनातून कमी आणि भिंतीपलीकडून जास्त मिळाली. ती भीती खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. ज्या गावांत बायांनी मतदान करून बाटली आडवी केली, निम्म्याहून जास्त महिला मतदारांचा कौल घेऊन दुकान बंद पाडलं, त्या बायांची बाजू मी सोडलेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते आनंदाबद्दल आहे.

आम्ही सहा जण दहावीला एका वर्गात होतो. मैत्री मात्र वर्गात झाली नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते, माणसं उशिरा झोपली होती. भूकंपाने उद्ध्वस्त झालेली किल्लारी आमच्याच तालुक्यातली. औशात आम्ही वाचलो, पण त्यानंतर कित्येक आठवडे कुणी छताखाली झोपायला तयार नव्हतं. शेजारपाजारच्या पोरांच्या वाकळा मैदानात एका रांगेत पडायच्या. त्या रांगेत आम्ही सहा जण होतो. अंधारात आभाळाकडे तोंड करून बोलायची सवय आम्हाला तिथे लागली. दिवसा एकमेकांना सांगता न येणारं रात्री सांगता यायचं, कारण कुणाचा चेहरा दिसत नव्हता.

बारावीनंतर मी बाहेर पडलो, बँकेत लागलो, बदल्या झाल्या. बाकीचे पाच औशाच्याच पंचक्रोशीत राहिले: एक शेती बघतो, एक मास्तर, एक डॉक्टर, एक आडत्या, एक काळी-पिवळी चालवतो. दिवाळीला मी आलो की निरोप यायचा, “आज बसताव आम्ही, ये.” मी दर वेळी काहीतरी कारण काढायचो. त्यांनीही कधी आग्रह धरला नाही.

यंदा चैत्रात वडील गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडायला हे पाचही जण पहाटे हजर होते. कुणी कुणाला काम सांगत नव्हतं. एकाने पाण्याचा बंदोबस्त केला, एकाने भटजींना आणलं, एक जण आईजवळ भिंतीला टेकून नुसता बसून राहिला. मला त्या दिवशी प्रकर्षाने जाणवलं की या पाच जणांचं आपसात काहीतरी आहे आणि ते माझ्याकडे नाही. जूनमध्ये माझी बदली जिल्ह्यातच झाली. डिसेंबरात निरोप आला तेव्हा बायको म्हणाली, “जाऊन या. फक्त गाडी नेऊ नका.”

नियम असा की नव्याने येणाऱ्याने बाटली आणायची. औशात वडिलांना ओळखणारे सगळेच, म्हणून मी लातूरला गेलो. दुकानावर वाईन शॉप असं लिहिलेलं असतं, पण वाईन मागणारा एकही माणूस मला अर्ध्या तासात दिसला नाही. जाळीपलीकडचा माणूस सगळ्यांना एकेका शब्दात उरकत होता: क्वार्टर, हाफ, खंबा. १८० मिलीची ती क्वार्टर, ३७५ची हाफ आणि ७५०ची अख्खी बाटली तो खंबा, हे मी शेजारच्या गिऱ्हाइकाकडून समजून घेतलं. मी परवाना मागितला तेव्हा जाळीपलीकडचा माणूस क्षणभर थांबला. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात आजही पिण्यासाठी परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो, आयुष्यभराचा हजाराला, आणि व्हिस्कीसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं. त्याने फळीखालून पावतीपुस्तक काढलं, धूळ झटकली आणि माझ्या नावाने एक कागद फाडून दिला. तो कागद मी घडी घालून पाकिटात ठेवला आहे. २०२५च्या जूनमध्ये सरकारने शुल्क वाढवल्यापासून साधी क्वार्टरसुद्धा दोनशे पाचच्या खाली येत नव्हती, हेही तिथेच कळलं.

बाटलीवर लिहिलं होतं, भारतीय बनावटीचे विदेशी मद्य. हे शब्द मी एसटीत तीनदा वाचले. शेतात पोचल्यावर डॉक्टरला अर्थ विचारला. तो म्हणाला, आपल्याकडच्या बऱ्याचशा व्हिस्कीचा पाया धान्य नसतो, मळी असते. उसाचा रस आटवून साखर काढली की मागे उरणारी काळी चिकट मळी. तिच्यापासून मद्यार्क काढतात आणि त्यात थोडं माल्ट मिसळतात. युरोपात व्हिस्की म्हणायचं तर ती धान्याचीच लागते, मळीची तिकडे त्या नावाने विकता येत नाही. हे ऐकून शेतमालकाने बाटली हातात घेऊन उजेडात धरली. त्याचा ऊस बेलकुंडच्या कारखान्याला जातो. “म्हंजी आपल्याच रानातली की गा ही,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं.

झाकण मोडल्याचा आवाज झाला. मास्तरने पाचही ग्लासांत ओतलं, चौघांना साठ मिली, मला तीस. मोजायला त्याच्याकडे खोकल्याच्या औषधाचं टोपण होतं. मी ग्लास तोंडाकडे नेणार तेवढ्यात आडत्याने मनगट धरलं. “आधी मातीला दे.”

चौघांनीही अनामिका ग्लासात बुडवली आणि तीन-तीन थेंब जमिनीवर उडवले. मीही उडवले. काळ्या मातीवर ते लगेच जिरले. का उडवायचे हे कुणाला सांगता येईना. बाप-आजे उडवायचे म्हणून. मला मात्र आठ दिवसांपूर्वीची येळवस आठवली. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळा गाव रानात जातो. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मातीच्या माठातली आंबील, ज्वारीच्या पिठाची, ताक घालून आंबवलेली. जेवणाआधी माणूस ती आंबील घेऊन पिकातून फिरतो आणि शिंपडत जातो. माझे वडील दुकानदार होते, पण वाट्याने दिलेल्या चार एकरांत ते दरवर्षी स्वतः शिंपडायला जायचे. बोटांवरून उडणारे थेंब, तसाच हात, तशीच खाली बघणारी नजर. त्या क्षणी माझ्या मनावरचं ओझं हललं. कोपीपुढे ही माणसं काही चोरून करत नव्हती.

डॉक्टरने त्यावर स्कॉटलंडची गोष्ट सांगितली. तिकडे व्हिस्की ओकच्या पिंपात निदान तीन वर्षं ठेवावीच लागते, आणि वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाते. त्या उडालेल्या भागाला ते लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळूरच्या अमृत कारखान्यात तोच वाटा दहा-बारा टक्क्यांवर जातो, इतकं आपलं ऊन कडक. तरीही त्यांनी आपली सिंगल माल्ट २००४ साली थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली. शेतमालक शांतपणे म्हणाला, “त्यांचं वर जातंय. आपण खाली देताव.”

मग पाणी. आधी व्हिस्की, मग पाणी, हे माझ्या प्रश्नाचं उत्तर. किती, याला उत्तर नाही. प्रत्येकाचा हात वेगळा. आडत्या सोडा घेतो. मास्तर व्हिस्कीच्या तिप्पट पाणी घालतो. डॉक्टर चमच्याने घालतो आणि वास घेतो. त्याने मला आधी कोरडा वास घ्यायला लावला. नाकात नुसती धग गेली. मग थोडं पाणी घालून पुन्हा. या वेळी काहीतरी उमटलं: जळक्या लाकडाचा, गुळाच्या काहिलीच्या कडेचा वास. २०१७ साली स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर हेच तपासलं होतं म्हणे. धुरकट वास देणारा ग्वायाकॉल नावाचा रेणू पाणी मिसळल्यावर पृष्ठभागाकडे येतो, म्हणून वास खुलतो.

पाण्याचा वीस लिटरचा जार सतरंजीच्या डोक्याशी, अगदी मानाच्या जागी ठेवलेला होता. बाटली कुठेही पडलेली चालत होती, जार मात्र सावलीत, ओल्या फडक्यात. मी कारण विचारलं. मास्तर म्हणाला, २०१६मध्ये आम्ही बसलो नाही. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. “मान्सं घागरीसाठी रांगंत हुबी, आन आपण ग्लासात पानी वतायचं? कुणाचाच हात झाला न्हाई.” पाऊस पडून विहिरीला पाणी आल्यावर पहिल्यांदा बसले, तेव्हापासून जार डोक्याशी असतो.

पहिला घोट मला आवडला नाही. जीभ भाजली, घसा आखडला, डोळ्यांत पाणी आलं. “थोडं थोडं घे लका, पळून चाललंय का ते?” आडत्या म्हणाला आणि भाजलेला हुळा पुढे केला. घाट्यांची टरफलं काळी झालेली, आतला हरभरा हिरवागार आणि गरम. त्यावर मीठ, हिरवी मिरची, शेंगदाण्याची चटणी. दुसरा घोट हुळ्यावर गेला आणि बरा लागला. तिसऱ्यानंतर छातीत आगटीसारखी ऊब बसली. मला यापेक्षा जास्त काही झालं नाही. डोकं हलकं होणं, जग सुंदर दिसणं, असं ऐकलं होतं. तीस मिलीत ते होत नसावं. तासाभराने मी आणखी तीस घेतली, तेवढीच. बाकीच्यांचाही दोनाच्या वर नियम नाही.

त्या दोन ग्लासांना त्यांनी अडीच तास लावले. मला याचं सर्वांत जास्त नवल वाटलं. दारू म्हणजे घाई, असं माझ्या डोक्यात बसलं होतं; गल्लीतल्या त्या घरांत तसंच होतं. इथे घोटाघोटामध्ये दहा-दहा मिनिटं जात होती आणि ती बोलण्याने भरत होती. आधी सोयाबीन निघालं. सप्टेंबरच्या पावसात शेतमालकाचं निम्मं रान पाण्याखाली गेलं. जे वाचलं ते डागी. हमीभाव क्विंटलला ५,३२८ आणि प्रत्यक्षात हातात पडलेला आकडा त्याच्या किती खाली, हे तो आडत्याच्या तोंडावर बोलत होता, आणि आडत्या मान खाली घालून ऐकत होता. एरवी बाजारात हे दोघे याच विषयावर भांडले असते.

मग मास्तर बोलला. त्याचा मुलगा लातूरला खोली घेऊन दुसऱ्यांदा नीटची तयारी करतो. “मी दर गुरुवारी जातो,” तो म्हणाला. “मेसच्या फाटकापलीकडं हुबा राहतो. तो ताट घिऊन बसला, जेवला, की माघारी येतो. त्याला कळू देत न्हाई. भेटलो तर मार्कं इचारीन, म्हणून भेटत न्हाई.” एवढं सांगून त्याने ग्लास दोन्ही हातांत धरला.

कुणी सल्ला दिला नाही. माझ्या तोंडावर आला होता, बँकेत मी दिवसभर तेच करतो. पण डॉक्टरने नुसतं जारमधून त्याच्या ग्लासात पाणी घातलं आणि सगळे आगटीकडे बघत राहिले. मैदानातल्या त्या वाकळांच्या रांगेत असंच असायचं. थोड्या वेळाने मीही बोललो. वडील शेवटच्या आठवड्यात मला बोलावत होते, आणि मार्चअखेर म्हणून मी रजा टाकली नाही, हे मी आईलाही सांगितलेलं नव्हतं. बोलताना आवाज थरथरला. शेतमालकाने हुळ्याची मूठ माझ्या तळहातावर रिकामी केली आणि माझी बोटं मिटली. त्याचा हात राखेने काळा होता, गरम होता.

हे व्हिस्कीने झालं का? चहावर झालं नसतं का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. डॉक्टरने त्याच रात्री आठवण दिली होती की जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलंय, दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. मला ते मान्य आहे. पण आपल्याकडची मोठी झालेली माणसं एकमेकांसाठी तीन तास काढत नाहीत. लग्नाला जातात, मयतीला जातात, कामाला जातात. नुसतं बसायला काहीतरी निमित्त लागतं, आणि ‘बसणं’ या शब्दाला आपल्या भाषेत जो अर्थ चिकटला तो उगाच नाही. मला त्या रात्री निमित्ताचं मोल कळलं.

पावणेनऊला एकदम धावपळ सुरू झाली. “नऊ वाजलालेत, उरका,” मास्तर म्हणाला. उरलेली बाटली शेतमालकाने विहिरीपलीकडच्या मोटारीच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. आडत्याने ग्लास राखेने घासले, दोनदा विसळले, कोपीच्या मागे उपडे ठेवले. खालचं वर्तमानपत्र आगटीत गेलं. डॉक्टरने सगळ्यांच्या हातावर बडीशेप ठेवली. मी गोंधळून विचारलं, पोलीस येतात की काय?

“त्यो येतोय,” शेतमालक म्हणाला.

सहावा मित्र. काळी-पिवळीवाला. तो २०१८ साली मरता मरता वाचला होता. रोजची सवय, पोटात पाणी झालेलं, व्यसनमुक्ती केंद्रात दोनदा ठेवावं लागलं. मी तेव्हा लांब होतो, मला नुसतं ‘बरं नव्हतं’ एवढंच कळलं होतं. तो घरी आल्यावर या चौघांनी चौदा महिने बाटली आणली नाही. दर शनिवारी त्याच्या ओट्यावर बसले, चहा घेऊन. शेवटी त्यानेच सांगितलं, माझ्यापायी तुमचं बसणं बंद नको, फक्त माझ्या डोळ्यांपुढे नको. तेव्हापासून बाटली नऊच्या आत मिटते. एवढ्या वर्षांत एकदाही नऊ वाजून गेले नाहीत. दोनाच्या वर घ्यायचं नाही हा नियमही तिथूनच आला. तो आल्यावर कुणी बरळत असता कामा नये.

नऊला पाच कमी असताना रस्त्यावर दिवे दिसले. तो उतरला, खांद्यावर फडक्यात बांधलेल्या भाकरी. वहिनींनी केलेल्या, अजून गरम. घरी वहिनींना सगळं माहीत आहे; त्या भाकरी देतात याचा अर्थ मी तेवढाच घेतला. चुलीवरच्या मटणाचं झाकण निघालं, आणि खरी बैठक त्यानंतर झाली. तो बोलायला लागला की बाकीच्यांना बोलू देत नाही. गाडीतल्या गिऱ्हाइकांच्या नकला, नव्या रस्त्याची कहाणी, माझ्या दहावीतल्या अक्षराची आठवण. इतका हसलेला मी मला आठवत नाही. त्या हसण्यात दारूचा काही भाग नव्हता. सगळ्यांचं उतरून गेलं होतं.

साडेअकराला त्याने आम्हा पाचही जणांना गाडीत घातलं. रक्तात शंभर मिलीमागे तीस मिलीग्रॅमच्या वर दारू सापडली तर गाडी चालवणं गुन्हा आहे. इथे तो प्रश्नच येत नाही, कारण चालवणारा एकच आणि तो न पिणारा. किल्ल्याच्या खंदकाच्या कडेने गाडी गेली. एकेकाला दारात सोडून, दार उघडून आत जाईपर्यंत दिवे चालू ठेवून तो थांबत होता. मला सोडलं तेव्हा आई जागी होती. मी तिला सांगितलं, कुठे गेलो होतो आणि काय घेतलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग तिने विचारलं, “समदे आलते का?” मी म्हणालो, सगळे. तिने दिवा मालवला.

पुढची बैठक हुरड्याला आहे, संक्रांतीनंतरच्या शनिवारी. पाण्याचा जार आणणं आणि पावणेनऊला ग्लास घासणं, ही दोन कामं मी मागून घेतली आहेत.